नवं घर अंगणात, ससे मात्र कोपऱ्यात

पत्र थोडक्यात असं: इंदूरच्या सुदामानगरमधल्या एका बाईंकडे दीड वर्षाचे दोन ससे आहेत. दोन्ही माद्या, असं दुकानदाराने सांगितलं होतं. आजवर ते जिन्याखालच्या खोलीत राहायचे. त्या खोलीचं एक दार स्वयंपाकघरात उघडतं, दुसरं अंगणात. सासूबाईंचा दमा वाढला आणि डॉक्टरांनी ससे घरातून हलवायला सांगितले. म्हणून नवरात्रात वेल्डिंगवाल्याकडून पिंजरा करून घेतला. लोखंडी अँगलचा सांगाडा, ४ फूट लांब, अडीच फूट रुंद, अडीच फूट उंच पायांवर उभा. तळाला जाळी, खाली ट्रे, वर पत्रा. मागे सुताराने प्लायची छोटी खोली जोडली आणि तिला ऑइलपेंट दिला. कोजागरीला ससे त्यात ठेवले, त्याला आज नऊ दिवस झाले. दोघी जाळीच्या एकाच कोपऱ्यात चिकटून बसतात, प्लायच्या खोलीत जात नाहीत, दिवसा गवताला तोंड लावत नाहीत, रात्री धपधप पाय आपटतात. मोठी धाकटीच्या मागे लागते, तिच्या अंगावर चढते. शेजारच्या काकू म्हणतात, रोज तासभर मांडीवर घ्या, सवय होईल. यजमान म्हणतात, ससा शेवटी रानातलाच, महूकडे ओळखीच्यांचं शेत आहे, तिथे सोडून देऊ. दहा वर्षांची मुलगी रडते आहे. बाईंनी विचारलं आहे: अजून किती दिवस वाट पाहायची, की परत आत घ्यायचे? थंडीत बाहेर कसं निभावेल? आमचं काही चुकलं का?

ताई, पुढचं वाचण्याआधी अंगणात जा आणि ट्रेमधल्या लेंड्या बघा. निरोगी ससा दिवसाला दोन-तीनशे लेंड्या टाकतो. त्या वाटाण्याएवढ्या, गोल असतात आणि चुरल्या की आत गवताची तुसं दिसतात. त्या मिऱ्याएवढ्या बारीक, काळ्या, कडक झाल्या असतील किंवा नेहमीपेक्षा अर्ध्याच दिसत असतील, तर आधी पोटाकडे बघायला हवं. भ्यायलेला ससा खाणं कमी करतो. खाणं कमी झालं की आतडं मंदावतं, वायू धरतो, पोट दुखतं आणि दुखलं की तो उरलंसुरलं खाणंही सोडतो. बारा तास पोटात काही गेलं नाही किंवा लेंडी पडली नाही, तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

दिवसा गवत खात नाहीत, एवढ्यावरून मात्र घाबरू नका. ससा पहाटे आणि तिन्हीसांजेला जागा असतो, भरदुपारी तो झोपणारच. आज रात्री गवताची पेंढी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून ठेवा आणि सकाळी उरलेली पुन्हा तोला. रात्रीत निम्मी संपली तर जिवाला धोका नाही. दोघींचं वजनही आजच लिहून ठेवा. दोन किलोच्या सशाचं वजन दोनशे ग्रॅमने उतरलं, तर तेही डॉक्टरांना दाखवण्याचं कारण आहे.

आता शेताचं. यजमानांचा हेतू वाईट नाही, पण त्या बोलण्यामागे एक गैरसमज आहे आणि तो आपल्या भाषेनेच करून दिलेला आहे. माळव्याच्या शेतांत सोयाबीनच्या सऱ्यांतून उड्या मारत जाणारा तो ससा आणि तुमच्याकडचा हा ससा, दोघांना आपण एकच नाव देतो, पण जाती वेगळ्या आहेत. रानातला ससा उघड्यावर, गवताच्या खळग्यात राहतो, बीळ खणत नाही. त्याची पिल्लं डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतात. तुमच्या सशांचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळात राहणारे. उन्हाची, कुत्र्याची, घारीची वेळ आली की जमिनीखाली जायचं, हे त्यांच्या हाडात आहे. शेतात सोडलेल्या पाळीव सशाला तयार बीळ नसतं, त्यात पांढरा किंवा ठिपकेदार रंग लांबूनच दिसतो. बहुधा पहिल्या रात्रीच तो मारला जातो. सोडून देण्याचा विषय घरात इथेच संपवा. मुलीलाही तसं स्पष्ट सांगा, तिचं निम्मं रडणं त्या धास्तीचं असेल.

बिळाची ही गोष्ट लक्षात घेतली की कोपऱ्यात बसण्याचा अर्थही बदलतो. तुम्हाला वाटतं आहे की ससे रुसले, आपल्याला विसरले किंवा त्यांना अंगण आवडलं नाही. त्या फक्त लपायची जागा शोधताहेत आणि नव्या पिंजऱ्यात ती मिळत नाही. प्लायची खोली आहे, पण त्यांच्या लेखी ती लपायची जागा नाही. वाट पाहून हे सुधारायचं नाही. ससा दिवस मोजून रुळत नाही. संकट आलं तर अमुक ठिकाणी शिरता येतं आणि तिथून दुसरीकडे निघता येतं, एवढं पटलं की तो आपोआप मोकळा होतो. तेव्हा आधी पिंजरा बघू.

प्लायच्या खोलीची दोन दुखणी आहेत. पहिलं, ऑइलपेंटचा वास. सशाचं अर्धं जग नाकात असतं. आपल्याला आठवड्याने वास येईनासा होतो, त्यांना तो कितीतरी जास्त दिवस येत राहतो. शिवाय ससा लाकडाच्या कडा कुरतडतो, म्हणजे तो रंग पोटात जाणार. आतल्या बाजूचा रंग पॉलिशपेपरने खरवडून काढायला सांगा, कडांवर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ठोका आणि खोली दार उघडं ठेवून पंधरा दिवस उन्हात तापू द्या. सुताराने वाळवीचं औषध लावलं आहे का तेही विचारा. लावलं असेल तर ते प्लाय वापरू नका, बदला. दुसरं, त्या खोलीला एकच तोंड आहे. एका तोंडाची खोली म्हणजे सशासाठी सापळा. मोठी मागे लागल्यावर धाकटी आत शिरली तर कोंडली जाणार, हे तिला कळतं. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडून घ्या, दोन्ही भोकं साधारण ६ इंच रुंद, ७ इंच उंच. त्याहून मोठी नकोत. भोक मोठं झालं की आत उजेड येतो आणि आडोसा जातो.

तळाची जाळी हे तिसरं कारण, आणि माझ्या मते सर्वांत मोठं. सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, फक्त केस असतात. तारेवर सतत बसलं की टाचेचे केस जातात, कातडी लाल होते, मग जखम. वेल्डिंगवाले असा तळ करतात कारण साफसफाई सोपी पडते. पण तुमच्या दोघी कोपऱ्यात का, तर तिथे दोन अँगल जुळतात आणि पायाखाली थोडी सपाट पट्टी मिळते, हे एक कारण असू शकतं. जाळीवर प्लायचा तुकडा, त्यावर काथ्याचं पायपुसणं किंवा शिंदीची चटई आणि वर तीन बोटं पेंढा असा थर द्या. प्लास्टिकची चटई नको, ती कुरतडून गिळतात. ज्या कोपऱ्यात आत्ता लघवी करतात तिथेच एक उथळ घमेलं ठेवा, तळाला कागद, वर पेंढा आणि एका बाजूला गवत. ससा खाता खाताच लेंड्या टाकतो, म्हणून गवत त्या घमेल्यालगतच हवं.

आता रात्रीचं पाय आपटणं. मागच्या पायाने धप्प करून ससा सोबतच्याला सांगतो, कोणीतरी आलंय. नऊ रात्री तो आवाज येतो आहे, म्हणजे कोणीतरी खरोखर येतं आहे असं धरून चला. ट्रेमध्ये सांडलेल्या दाण्यांसाठी घूस येते, तिच्या मागे मांजर येतं आणि उंच पायांच्या पिंजऱ्याखाली शिरून कुत्राही जाळीतून पाय चावू शकतो. आज झोपण्यापूर्वी पिंजऱ्याखाली आणि भोवती रांगोळीचा पातळ थर पसरा. सकाळी पाऊलखुणा दिसतील. घुशीच्या असतील तर रात्री दाणे ठेवूच नका, फक्त गवत आणि पाणी ठेवा.

वेल्डिंगवाल्याला बोलवाच. पिंजऱ्याचे पाय कापून ९ इंच ठेवायला सांगा. दार खाली उघडेल असं करून घ्या आणि त्याला दोन फूट लांब, आठ इंच रुंद उतार जोडा. घसरू नये म्हणून त्यावर पायपुसण्याची पट्टी खिळ्यांनी ठोका. मग हा ४ बाय अडीचचा पिंजरा झोपायची जागा होईल आणि त्याच्यापुढे जमिनीवर फिरायचं आवार करता येईल. नुसता एवढाच पिंजरा दोन सशांना पुरणारा नाही. ब्रिटनमधली रॅबिट वेल्फेअर असोसिएशन दोन सशांसाठी सांगते ते माप ३ मीटर बाय २ मीटर, उंची १ मीटर. म्हणजे साधारण १० बाय साडेसहा फूट, आणि ही जागा त्यांना रात्रंदिवस खुली हवी. ससा तीन-चार सलग उड्या मारू शकला पाहिजे, मागच्या पायांवर उभा राहिला तर कान वर टेकता कामा नयेत. अंगणात एवढं बसत नसेल तर लांबी राखा आणि रुंदी कमी करा.

आवाराला कोंबडीची षटकोनी जाळी अजिबात लावू नका. ती कोंबडी आत ठेवण्यापुरती असते, कुत्रा ती दातांनी फाडतो. वेल्डमेश घ्या, अर्ध्या इंचाच्या चौकटीची, म्हणजे मुंगूस, घुशीचं पिल्लू आणि बहुतेक साप बाहेर राहतील. वरूनही जाळी हवी, मांजर आणि घार दोन्हींसाठी. कडी दोन ठिकाणी, वर आणि खाली. एकच कडी मधोमध असली की कुत्रा खालचा कोपरा ढकलून फट करतो.

आणि जमीन. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. खांब नुसते मातीत गाडले तर पहिल्याच पावसाळ्यात तिरके होतात, दार अडकतं आणि तळाशी चार बोटं फट पडते. घुशीला तेवढी पुष्कळ झाली. खाली विटांचं सोलिंग करून आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ९ इंच उंच चौथरा करा, मागच्या बाजूला हलका उतार द्या म्हणजे धुतलेलं पाणी निघून जाईल. त्यावर अर्ध्या भागात गवताच्या गाद्या किंवा पेंढा, अर्धा भाग मोकळा. विटा घालणार नसाल तर जाळी बाहेरच्या बाजूने दीड ते दोन फूट आडवी पसरून मातीखाली दाबा. खणणारा प्राणी भिंतीला लागून खणायला लागतो आणि जाळीवर अडतो. खणायची हौस भागवायला एका टबात फूटभर माती भरून द्या. मादीला खणायला लागतंच, त्यावरून रागावू नका.

तोंड पूर्वेला ठेवा. आपल्याकडे पावसाचा मारा आणि उन्हाळ्याची झळ दोन्ही पश्चिमेकडून येतात, सकाळचं कोवळं ऊन मात्र हवंच. पत्र्याच्या छतावर चार-सहा इंच अंतर सोडून कडब्याचं किंवा चटईचं दुसरं छप्पर घाला. मधून हवा फिरली पाहिजे, नुसता पत्र्यावर कडबा टाकून उपयोग नाही.

हे सगळं करायला पंधरा दिवस जातील आणि दिवाळी अगदी तोंडावर आहे. म्हणून तुमच्या मुख्य प्रश्नाला उत्तर: हो, आत्ता आत घ्या. फटाक्यांच्या आवाजाने सशाचं खाणं बंद पडतं, पिंजऱ्यात उधळून पाठीचा कणाही मोडू शकतो. नव्या जागेत नऊ दिवस भेदरलेल्या सशांना दिवाळी बाहेर काढायला लावू नका. जिन्याखालच्या खोलीत परत न्या, पण स्वयंपाकघराकडचं दार पक्कं बंद करा, फटीला चिकटपट्टी लावा आणि ये-जा फक्त अंगणातल्या दाराने ठेवा. सासूबाईंच्या डॉक्टरांना हे आधी विचारा. त्यांनी 'घरातून हलवा' म्हटलं तेव्हा या खोलीला बाहेरून दार आहे हे त्यांच्यासमोर आलं होतं का? सशामुळे होणारा त्रास केसांबरोबर लाळेचा आणि वाळक्या गवताच्या धुळीचाही असतो. म्हणून गवताचं पोतं सासूबाईंच्या खिडकीपासून दूर ठेवा, सफाई करणाऱ्याने तोंडाला रुमाल बांधावा आणि घरात शिरण्याआधी कपडे बदलावेत. डॉक्टरांनी ही खोली मान्य केली तर तुमचं पुढच्या वर्षांचंही काम झालं. 'आत की बाहेर' असा एकच निवाडा करायची गरजच नाही. रात्री आवारात, एप्रिल-मे महिन्यांच्या दुपारी या खोलीत. डॉक्टर नाही म्हणाले, तर दिवाळीपुरतं शांत गल्लीतलं एखादं ओळखीचं घर शोधा, मात्र दोघींना एकत्रच पाठवा. आणि मग उन्हाळ्याच्या दुपारीसाठी वेगळी थंड जागा मार्चच्या आत नक्की करा.

भाऊबीज झाली की नव्याने सुरुवात करा. नोव्हेंबरात रात्री हळूहळू गार होत जातात, तसतशी सशाची लव दाट होते. एकदम डिसेंबरच्या थंडीत बाहेर काढलेल्या सशाला ती सवलत मिळत नाही.

पहिले दोन दिवस आवार उघडू नका, फक्त झोपायचा पिंजरा द्या. आत त्यांचं जुनं खोकं, जुनं तरट, घमेल्यातला थोडा मळका पेंढा, सगळं न धुता ठेवा. आपल्याला स्वच्छ करून द्यावंसं वाटतं, पण तो वास म्हणजे 'ही जागा माझी' असा शिक्का असतो. ससा हनुवटी घासून वस्तूंवर वास लावतो आणि नव्या जागेत एकही वस्तू तशी नसली की तो बिथरतो. पाण्याचं भांडं तेच, गवत तेच, दाण्यांची जात तीच. जागा आणि खाणं एकाच आठवड्यात बदलू नका. तिसऱ्या संध्याकाळी उतार लावून आवाराचा चौथा हिस्सा उघडा, बाकीचा फळीने अडवा. कोणी उतरलं नाही तरी उचलून खाली ठेवू नका. उतारावर आणि खाली दोन ठिकाणी कोथिंबिरीची काडी, पेरूची पानं ठेवा आणि बाजूला व्हा. दोघीही हिंडू लागल्या की फळी सरकवा. कोणाला चार दिवस लागतात, कोणाला दोन आठवडे. आवारातही दोन आडोसे हवेत. दोन्ही टोकं कापलेला पुठ्ठ्याचा खोका चालतो, माठ फुटला असेल तर त्याचा आडवा अर्धा भाग उत्तम. उघड्यावरून एका आडोशापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर पहिल्या आठवड्यात चार फुटांहून जास्त ठेवू नका, म्हणजे त्या धावत जाण्याचं धाडस करतील.

दाणे, म्हणजे पेलेट (सशाचं तयार खाद्य), दिवसाला सशाच्या वजनाच्या किलोमागे २० ते २५ ग्रॅम पुरे. ते एकदाच, संध्याकाळी ठरलेल्या वेळी, झोपायच्या पिंजऱ्यातच द्या. देण्याआधी डबा खुळखुळवा. आठवडाभरात तो आवाज ऐकून दोघी आपल्या आपण वर जातील आणि कधी दार बंद करायचं झालं तर कोणाला पाठलाग करावा लागणार नाही. खाण्यात चार-पंचमांश गवतच हवं. दूर्वा, साधं सुकं गवत, ओट्सचं गवत चालतं. बरसीम आणि लसूणघास अधूनमधून मूठभर. गव्हाचा भुसा अंथरायला बरा, त्यावर पोट भरत नाही. ज्वारीची कोवळी हिरवी ताटं देऊ नका, त्यात सायनाइडसारखं विष असतं. आणि मुलीला समजावून सांगा की सकाळचे पोहे-शेव, जिलबीचा तुकडा, पोळी हे लाड नव्हेत. एवढ्या पिठाने, साखरेने आतड्यातले जिवाणू बिघडतात. आवाराभोवती कण्हेर, घाणेरी, रुई, धोतरा असेल तर ती झाडं काढा.

शेजारच्या काकूंचा सल्ला प्रेमाचा आहे, पण उलटा पडेल. वरून येणारा हात सशाला घारीसारखा वाटतो. जमिनीवरून उचललं जाणं म्हणजे पकडलं जाणं. मांडीवर तो गप्प बसतो ते भीतीने थिजून, आणि सुटायला मागचे पाय झाडले तर कंबरेचं हाड मोडू शकतं. कान धरून उचलणं तर कधीच नको. पहिले पंधरा दिवस गरजेशिवाय उचलू नका. हे काम तुमच्या मुलीला द्या: पहाटे किंवा संध्याकाळी वीस मिनिटं आवारात जमिनीवर, सशांकडे कूस करून बसायचं आणि शाळेचा धडा मोठ्याने वाचायचा. हात मांडीवर, बोलावणं नाही, मागे जाणं नाही. सशाचे डोळे दोन्ही बाजूंना असल्याने नाकासमोरचं त्याला दिसत नाही, म्हणून हात द्यायचा तर बाजूने, खालून. जवळ आली, नाकाने ढोसलं, तर कपाळावर आणि गालांवर हलकेच चोळावं. हनुवटी, पोट, पाय यांना हात नको. सात-आठ दिवसांत आवाज ओळखीचा होतो.

मोठीचं अंगावर चढणं हे बहुतेक वेळा वर्चस्वाचं असतं. जागा बदलली की कोण वरचढ हे पुन्हा ठरतं. दीड वर्ष एकत्र राहूनही पिल्लं झाली नाहीत, त्याअर्थी एक नर एक मादी अशी जोडी बहुधा नाही. तरी डॉक्टरांकडून खात्री करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. मादी महिन्याभरात व्यायते आणि व्याल्याबरोबर पुन्हा गाभण राहू शकते, तेव्हा शंका ठेवू नका. थोडा पाठलाग, चार केस उडणं चालेल. दोघी एकमेकींभोवती गोल फिरत चावू लागल्या किंवा रक्त दिसलं, तर मध्ये केरसुणी घाला, हात घालू नका. मग जाळीच्या दोन बाजूंना ठेवा, वास येत राहील इतक्या जवळ. गवताचे आणि पाण्याचे ठिकाण दोन-दोन असले की निम्मी भांडणं उगवतच नाहीत. माद्यांची नसबंदी करून घेणं मी जरूर सुचवेन. भांडणं निवतात हा एक फायदा, पण वय वाढल्यावर मादी सशांत गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो, ते खरं कारण. सशावर शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडेच जा. शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवा असं कोणी सांगितलं तर तिथून परत या, कारण सशाला उलटी होत नाही, उपासाने मात्र आतडं बंद पडतं. जवळ कोणी नसेल तर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. गरज पडण्याआधी एकदा जाऊन या.

दोन औषधांची नावं भिंतीवर लिहून ठेवा. गोचिडांसाठी कुत्र्यांवर मारतात तो फिप्रोनिलचा फवारा सशावर कधीही मारू नका, तो जीवघेणा ठरतो. आणि अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली प्रतिजैविकं तोंडातून देऊ नका.

थंडीची काळजी तुम्ही पत्रात जास्त केली आहे, ती कमी करा. कोरडा आणि वाऱ्यापासून आडोसा असलेला ससा इंदूरची थंडी सहज काढतो. झोपायच्या जागी पाच-सहा इंच पेंढा, तीन बाजूंना गोणपाटाचे पडदे, एवढं पुरे. रजई नको, बल्ब तर नकोच, वायर कुरतडतात आणि पेंढा पेट घेतो. खरा वैरी उन्हाळा. सशाला घाम येत नाही, धापूनही फारसं भागत नाही, अंगातली उष्णता तो कानांतून टाकतो. पंधरा-वीस अंशांत तो सुखात असतो, तिशीच्या पुढे त्रास सुरू होतो, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. रात्री माळव्यात गार वारं सुटतं हे खरं, पण दुपार आधी काढावी लागते. मार्च संपला की सकाळी दहा ते सूर्यास्त सावलीच्या खोलीत, खाली कोटा फरशीचा तुकडा, शेजारी फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली, पाण्याची दोन मातीची परळं. तोंड उघडून श्वास घेऊ लागली, कान लालभडक झाले, तर कान ओल्या फडक्याने पुसा, पंखा लावा आणि डॉक्टरांकडे निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

पावसाळ्यात रोज दोनदा शेपटीखाली बघा. ओल्या, मळक्या जागी माशी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या होतात. बुरशीचं गवत सरळ फेका. साफ केलेल्या लेंड्या ओल्या कचऱ्याच्या गाडीत टाकायची गरज नाही, त्या न कुजवताही पेरूच्या किंवा जास्वंदाच्या मुळाशी घालता येतात.

भाऊबीजेनंतर ससे बाहेर न्याल तो दिवस सुट्टीचा निवडा आणि सकाळी लवकर न्या, म्हणजे दिवस उजेडात जाईल आणि पहिल्या रात्रीआधी बारा तास त्यांना आवाज, वास, वारा कळतील. जिन्याखालचं खोकं दोघींसकट उचला, त्यातून बाहेर काढू नका. पिंजऱ्यात ठेवताना खोक्याचं तोंड खोलीत ज्या दिशेला होतं त्याच दिशेला ठेवा. तुळशीच्या लग्नाच्या रात्री पुन्हा फटाके वाजतील. त्या संध्याकाळी डबा खुळखुळवून दाणे थोडे आधी द्या, गोणपाट खाली सोडा, आणि आवाज वाढलाच तर तेच खोकं उचलून एका रात्रीपुरतं जिन्याखाली.